चेनसॉच्या इंजिनाचा दम कसा वाढवायचा: नाना पेठेतल्या बाकावरची पद्धत

माझं दुकान पुण्याच्या नाना पेठेत. टू-स्ट्रोकचं काम म्हटलं की लोकांना आरएक्स १०० आणि आकुर्डीला बनलेली चेतक आठवते. माझा हातही त्याच गाड्यांवर बसला. हल्ली मात्र बाकावर चेनसॉच जास्त दिसतात. मुळशी, भोर, वेल्ह्याचे शेतकरी येतात, पावसाळ्याआधी फांद्या छाटणारे ठेकेदार येतात, टिंबर मार्केटच्या वखारींतली मशीनं येतात. बहुतेकांची तक्रार एकच असते: मशीन चांगलं आहे, पण जाड ओंडक्यात शिरलं की दम सोडतं.

तो दम वाढवता येतो. कंपनी इंजिन बनवते तेव्हा तिला आवाजाचे आणि धुराचे नियम पाळायचे असतात. शिवाय हजारो नगांपैकी एकाचाही पिस्टन वर आदळू नये म्हणून थोडी जास्तीची जागा ठेवलेली असते. एकच मशीन समोर घेऊन, हातानं मापं घेत काम केलं तर यातलं बरंच परत मिळतं. फक्त क्रम पाळायचा. आधी मोजणी, मग चेन आणि गळती, मग सायलेन्सर, मग कॉम्प्रेशन, आणि पोर्टिंग, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतली हवा-धुराची तोंडं घासून बदलणं, सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर कार्ब्युरेटर पुन्हा सेट करायचा, कारण इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की त्याला पेट्रोलही जास्त लागतं. ते न दिल्यानं पिस्टनवर ओरखडे पडलेली मशीनं माझ्याकडे नेहमी येतात. ती बघून वाईट वाटतं, कारण स्क्रू थोडा फिरवला असता तरी ती वाचली असती.

उदाहरण म्हणून स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस ३८१ मशीन धरतो. इंजिन ७२ सीसीचं, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३४ मिमी. आपल्याकडे हे बरंच चालतं आणि त्याचं काम मोकळेपणानं करता येतं. तुमचं मशीन वेगळं असेल तर पद्धत हीच ठेवा, मापं तुमची घ्या. एक टू-स्ट्रोक इंजिन तरी आधी स्वतः खोलून जोडलेलं असावं. वॉरंटीतल्या मशीनला हात लावू नका, वॉरंटी जाते.

घड्याळ लावून सुरुवात

कानाला मशीन जोरदार वाटणं आणि ते लवकर कापणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सायलेन्सर मोकळा केला की आवाज वाढतो आणि माणूस खूश होतो. म्हणून काम सुरू करण्याआधीच चाचणी घ्या. वखारीतून निलगिरीचा चौकोनी तासलेला तुकडा आणा, साधारण दहा इंच बाय दहा इंच. गोल ओंडका नको, कारण त्याची जाडी जागोजागी बदलते आणि वेळेची तुलना करता येत नाही. बाभळीत गाठी असतात, म्हणून तीही नको. तुकडा पक्का बांधा, मशीन पुरतं गरम करा, पूर्ण रेस देऊन नुसत्या मशीनच्या वजनानं तीन काप घ्या, मोबाइलवर वेळ मोजा आणि सरासरी लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर हाच तुकडा, हीच बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि सारख्याच धारेची चेन वापरा.

चाचणीसाठी दारातल्या गुलमोहरावर मशीन चालवू नका. शहरात झाड तोडायला किंवा छाटायला १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडे संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड तुमच्या आवारातलं असलं तरीही.

आता चेन. इंजिनवर पैसे खर्च करायच्या आधी चेनला नीट धार लावा. माझ्याकडे 'पॉवर कमी' म्हणून आलेल्या कितीतरी मशीनांचं दुखणं इथंच संपतं. तीन-अष्टमांश पिचच्या मोठ्या चेनला ५.२ किंवा ५.५ मिमीची गोल कानस लागते, ०.३२५ पिचला ४.८ ची आणि लहान मशीनच्या लो-प्रोफाइल चेनला ४ मिमीची. कोन साधारण ३० अंश, आणि दोन्ही बाजूंचे दात सारख्या लांबीचे. दातापुढचा बुटका खुंट दाताच्या माथ्यापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. लोक दात घासत राहतात आणि हा खुंट विसरतात. मग दात लाकडाला भिडतच नाही आणि पिठासारखा भुसा पडतो. चांगल्या चेनचा भुसा जाडसर, कपच्यांसारखा असतो. धार लावल्यावर पुन्हा वेळ मोजा. तुमच्या इंजिनची खरी सुरुवातीची नोंद ही.

गळती आणि कॉम्प्रेशन

इंजिन कुठून हवा ओढत असेल तर त्याची पॉवर वाढवायला जाणं म्हणजे पिस्टन जाळण्याची तयारी. ऑइल सील, क्रँककेसचा जोड, कार्ब्युरेटर आणि ब्लॉक (सिलेंडर) यांच्यामधला रबरी बूट, ही गळतीची नेहमीची ठिकाणं.

तपासणी अवघड नाही. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा आणि वरून पट्टीनं आवळा. इनटेकच्या बाजूलाही तसंच करा. इम्पल्सचं भोक, म्हणजे क्रँककेसचा दाब कार्ब्युरेटरच्या पंपाला पोचवणारं भोक, बंद झालंय ना ते पाहा. प्लगच्या जागी नळी बसवून आत ०.४ ते ०.५ बार, म्हणजे सहा-सात पीएसआय दाब भरा. रक्तदाब मोजायच्या जुन्या पद्धतीच्या यंत्राचा फुगा आणि डायल याला छान चालतो. डायलवरचे ३०० म्हणजे ०.४ बार. एक मिनिटभर काटा जागेवर राहायला हवा. घसरला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात.

एवढ्यावर थांबू नका. उलट बाजूनं, म्हणजे व्हॅक्यूम लावूनही तपासा. ऑइल सीलची कड आतल्या दाबानं शाफ्टला चिकटते आणि सील चांगलं असल्यासारखं वाटतं. व्हॅक्यूममध्ये तीच कड सुटते. चालत्या इंजिनमध्ये क्रँककेस दर फेरीला दोन्ही अवस्थांतून जातं, म्हणून दोन्ही चाचण्या हव्यात.

मग कॉम्प्रेशन. गेजचा एकेरी वाल्व्ह प्लगकडच्या टोकालाच असलेला पाहून घ्या. कारच्या गेजमध्ये तो वर असतो, मधल्या नळीतली जागा एवढ्याशा इंजिनला जड पडते आणि आकडा कमी येतो. रेस पूर्ण उघडी ठेवून काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. १४० ते १६० पीएसआय म्हणजे तब्येत ठीक. ११० च्या खाली असेल तर आधी रिंग-पिस्टन बघा, बाकीचं नंतर.

सायलेन्सर निघालेलाच आहे तर एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन डोळ्यांनी बघून घ्या. उभे ओरखडे दिसले तर हे इंजिन आधीच कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चाललंय. कार्बन साचलेला असेल तर पिस्टननं पोर्ट झाकून लाकडी काडीनं खरवडा, लोखंडी पेचकसानं नको.

पेट्रोल

आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. चेनसॉच्या कंपन्या बहुधा दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजेच तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलवर लावलेलं सेटिंग वीस टक्केवाल्यावर सात-आठ टक्के कोरडं पडतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत टाकीत पेट्रोल पडून राहिलं तर पाणी आणि इथेनॉल तळाला वेगळं होऊ शकतं, आणि फिल्टर नेमका तळातूनच ओढतो. त्या थरात ऑइल जवळपास नसतं.

शहरात काही पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. महाग आहे, पण पॉवर वाढवलेल्या इंजिनला मी तेच सुचवतो. त्यात इथेनॉल आहे की नाही ते घरी बघता येतं. मापाच्या काचेच्या नळीत २० मिली पाणी आणि वर ८० मिली पेट्रोल घ्या, बूच लावून हलवा आणि थोडा वेळ उभी ठेवा. इथेनॉल नसेल तर पाण्याची रेघ वीसवरच राहते. वीस टक्के असेल तर ती ३५ च्या आसपास चढते. हे उघड्यावर करा, शेजारी बिडी-काडी नको.

ऑइल चांगल्या कंपनीचं, जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं घ्या. लिटरला २० मिली म्हणजे पन्नासास एक. काम केलेल्या इंजिनला मी २५ मिली घालायला सांगतो. प्रमाण एकदा ठरवलं की बदलू नका. ऑइल वाढलं की तेवढ्या थेंबात पेट्रोल कमी होतं आणि कार्ब्युरेटरचं सेटिंग हलतं.

सायलेन्सर

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा इथं होतो. आणि बाइकवर हात बसलेली पोरं इथंच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आरएक्सचा सायलेन्सर पोटाशी फुगीर आणि मागे निमुळता असतो. त्या आकारामुळे धुराची लाट परत फिरते आणि बाहेर निघालेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. ते पोट कापलं किंवा मागचं तोंड मोठं केलं की गाडीची पिकअप मरते. पुण्यात ज्यानं आरएक्सचा सायलेन्सर फाडलाय त्याला हे अनुभवानं माहीत आहे आणि म्हणून तो चेनसॉच्या सायलेन्सरला हात लावायला घाबरतो. पण चेनसॉचा सायलेन्सर म्हणजे एक बंद डबा. त्यात लाट परतवण्याची कुठलीही आखणी नसते, तो फक्त धूर अडवतो. अडथळा कमी केला की सिलेंडर नीट रिकामा होतो आणि तेवढं ताजं मिश्रण जास्त भरतं.

किती उघडायचं? एक्झॉस्ट पोर्टची रुंदी आणि उंची मोजा. समजा ३० बाय १५ मिमी, म्हणजे ४५० चौरस मिमी. सायलेन्सरची सगळी बाहेरची तोंडं मिळून याच्या ७० ते ७५ टक्के करायची, म्हणजे साधारण ३१५ ते ३४०. आधीचं भोक १२ मिमीचं असेल तर ते ११३ चौरस मिमी होतं. त्यात आतून १६ मिमी व्यासाची आखूड नळी जोडली की २०१ वाढतात, बेरीज ३१४. एवढं पुरे. याहून मोठं केल्यानं घड्याळात फरक दिसत नाही, नुसता कान फाटतो.

सायलेन्सर मशीनवरून काढूनच काम करा. भोक पाडताना धातूचा कीस एक्झॉस्टमध्ये गेला तर पहिल्याच स्टार्टला ब्लॉक खरवडला जातो. आतल्या पत्र्याला भोकं असतील तर तीही त्याच हिशोबात मोठी करा, नाहीतर बाहेरचं तोंड मोठं करून उपयोग नाही. बोल्ट ज्या नळ्यांमधून जातात त्या नळ्यांना आधार देणारा पत्रा मात्र कापू नका, डबा दबून बोल्ट ढिले होतात. नळीचं तोंड पुढं आणि बाहेर वळवा. गरम धूर टाकीकडे, चेन कव्हरच्या प्लॅस्टिककडे किंवा पुढच्या हँडलवरच्या हाताकडे जाता कामा नये. जोड गॅस वेल्डिंगनं किंवा पितळी झाळ लावून करा.

नवीन तोंडावरही ठिणगी अडवणारी बारीक जाळी बसवा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्या डोंगरांवरचं गवत काय अवस्थेत असतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. मुळशी, सिंहगड, भोरच्या रांगांत दरवर्षी वणवे लागतात. जाळीशिवाय मोकळा केलेला सायलेन्सर मी कुणालाही देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि आवाज वाढणारच आहे, तेव्हा चालवणाऱ्यानं कानावर इअरमफ घातलेच पाहिजेत.

कार्ब्युरेटर

सायलेन्सर लावला की मशीन लगेच लाकडाला लावू नका. आता ते जास्त हवा ओढणार आहे. आधी एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) पाव फेरा उघडा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेला, आणि मगच स्टार्ट करा. काही मशीनांत स्क्रूवर प्लॅस्टिकची टोपी असते आणि तो मर्यादेपलीकडे फिरत नाही. ती टोपी काढावी लागते. सेटिंग आपोआप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटरला हे स्क्रूच नसतात. तिथं कंपनीच्या पद्धतीनं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं आणि सायलेन्सर माफकच उघडायचा.

एअर फिल्टर साफ, बार-चेन लावलेली, चेन ब्रेक सोडलेला, इंजिन गरम. बार-चेन काढून कधीही पूर्ण रेस देऊ नका, ओझं नसलेलं इंजिन हाताबाहेर फिरतं आणि क्लच उडू शकतो.

आधी एल स्क्रू, म्हणजे कमी रेसच्या पेट्रोलचा. तो थोडा थोडा फिरवून आयडलिंग सगळ्यात जास्त जिथं होतं ती जागा शोधा, मग तिथून थोडा उघडा, जेणेकरून रेस मारल्यावर इंजिन अडखळणार नाही. त्यानंतर एलए स्क्रूनं आयडलिंग चेन फिरणार नाही इतकं खाली आणा, मॅन्युअलच्या आकड्यावर, बहुतेक मशीनांत २,५०० ते २,८०० च्या दरम्यान.

एच स्क्रू कानानं लावायचा असतो आणि हे शिकायला थोडा वेळ द्यावा लागतो. लाकडाबाहेर पूर्ण रेस दिली की आवाज थोडा फाटका, अडखळता, फोर-स्ट्रोकसारखा यायला हवा. जादा पेट्रोलमुळे एखादी फेरी जळत नाही, त्याचा तो आवाज. आता लाकडात घाला. ओझं पडताच तो फाटकेपणा जाऊन आवाज एकसंध व्हायला हवा. कापताना मशीन जरासं वर उचललं की फाटकेपणा लगेच परत आला पाहिजे. हे तिन्ही जुळलं की सेटिंग बरोबर. लाकडाबाहेरच आवाज स्वच्छ, टोकदार, शिट्टीसारखा येत असेल तर इंजिन कोरडं आहे, लगेच बंद करा. लाकडातही फाटका राहत असेल तर पेट्रोल जास्त आहे, थोडा आवळा.

प्लगच्या वायरला लावायचा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो, तो घ्याच. मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल आरपीएमपेक्षा चारशे-पाचशे खाली थांबा. एक सावधगिरी: काही मशीनांच्या कॉइलमध्ये आरपीएम मर्यादा घातलेली असते. ती मर्यादा लागली की ठिणगी तुटते आणि आवाज अगदी जादा पेट्रोलसारखाच येतो. त्याला भुलून स्क्रू आवळत गेलात तर पिस्टन गेला. अशा मशीनवर एच स्क्रू आधी भरपूर उघडा, मर्यादेच्या बऱ्याच खाली खराखुरा फाटका आवाज ऐका, आणि तिथून हळूहळू आवळत या.

चाचणीचा तुकडा पुन्हा कापा आणि वेळ लिहा. शेतकऱ्याच्या आणि छाटणीवाल्याच्या मशीनला मी बहुधा इथंच थांबतो. बाजारात '५८ सीसी' म्हणून मिळणारी स्वस्त मशीनं, ज्यांची बोअर-स्ट्रोक मोजली तर बहुधा ५४-५५ सीसीच भरतात, त्यांच्यावरही याच्यापुढे पैसे घालू नयेत.

स्क्विश आणि पॅकिंग

पिस्टन सगळ्यात वर आल्यावर त्याच्या कडेला आणि सिलेंडरच्या छताला मध्ये जी फट राहते ती स्क्विश. कमी असेल तितकं मिश्रण मधे, प्लगजवळ ढकललं जातं आणि चांगलं जळतं, शिवाय कॉम्प्रेशन वाढतं. कारखान्यातून आलेल्या मशीनमध्ये ही फट एक मिमीच्या आसपास सापडणं नवल नाही. मी ०.५ ते ०.६ वर आणतो.

मोजायला तपकीर गल्लीतून दीड मिमी जाडीची सोल्डरची मऊ तार आणा. प्लगच्या भोकातून आत घालून तिचं टोक सिलेंडरच्या भिंतीला टेकवा, पिस्टन-पिनच्या रेषेत. पिनच्या आडव्या दिशेला घातली तर पिस्टन डोलतो आणि माप चुकतं. फ्लायव्हील हातानं फिरवून पिस्टन वरून पुढे न्या, तार काढा आणि चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरनं मोजा. दुसऱ्या बाजूलाही मोजा. दोन्हींतलं लहान माप धरायचं.

फट १.१ मिमी आली आणि ब्लॉकखालचं पॅकिंग ०.५ मिमीचं असेल तर हिशोब सरळ आहे. पॅकिंग काढा, दोन्ही पृष्ठभाग साफ करा, क्रँककेसचं सीलंट अगदी पातळ लावा. फट राहील ०.६. पण फट मुळातच ०.८ असेल तर पॅकिंग काढल्यावर ०.३ उरेल आणि हे चालणार नाही. तेरा हजार आरपीएमला कनेक्टिंग रॉड ताणला जातो, बेअरिंगमध्येही थोडा खेळ असतो, आणि पिस्टन वर आदळतो. तिथं ०.२ मिमीच्या पॅकिंग शीटमधून पातळ पॅकिंग कापा. ०.५ च्या खाली मी जात नाही.

सगळ्याच मशीनांना ब्लॉकखाली पॅकिंग नसतं. स्टिल एमएस २५० सारख्या मशीनात ब्लॉक आणि खालचं पॅन यांच्यामध्येच क्रँक बसतो आणि जोडाला फक्त सीलंट असतं. तिथं स्क्विश कमी करायचा तर लेथवर काम करावं लागतं, ते भोसरीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून, ब्लॉक नीट मँड्रेलवर धरूनच.

ब्लॉक अर्धा मिमी खाली आला की पोर्टही तेवढेच खाली येतात. ३४ मिमी स्ट्रोकला अर्धा मिमी म्हणजे एक्झॉस्ट आणि ट्रान्स्फर (क्रँककेसमधलं मिश्रण सिलेंडरमध्ये आणणारा पोर्ट) दोन्ही सुमारे दोन अंश उशिरा उघडतात, इनटेक लवकर उघडतो. याचा परिणाम म्हणजे मशीन जाड ओंडक्यात घट्ट ओढतं. वखारीच्या कामाला हे चांगलंच. बंद करण्याआधी एक गोष्ट बघाच: पिस्टन वर असताना त्याच्या स्कर्टची (पिस्टनच्या खालच्या भिंतीची) खालची कड एक्झॉस्ट पोर्टच्या तळाला अजून पुरती झाकते का. झाकत नसेल तर क्रँककेस थेट सायलेन्सरला उघडं पडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

जोडून झाल्यावर दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही चाचण्या परत करा. कॉम्प्रेशन वीस-पंचवीस पीएसआयनं वाढलेलं दिसेल. १९० च्या वर मात्र नेऊ नका, साध्या पेट्रोलवर आणि एप्रिलच्या उन्हात इंजिन ठोके द्यायला लागतं. दोरी जड लागेल. डीकॉम्प्रेशन बटण असेल तर ते दाबूनच स्टार्ट करा.

ताकद वाढल्यावर, बार आखूड असेल तर सात दातांऐवजी आठ दातांचं स्प्रॉकेट बसवून पाहा. चेनचा वेग चौदा टक्क्यांनी वाढतो. लांब बारला मात्र सातच ठेवा.

पोर्टिंग

इथं कापलेला धातू परत येत नाही. रोज चालणाऱ्या कामाच्या मशीनला मी फार थोडं पोर्टिंग करतो. ट्रान्स्फरमध्ये आधी कोरी हवा भरणाऱ्या नव्या कमी-धुराच्या इंजिनांना तर करतच नाही, त्यांची आखणी बिघडते.

आधी कोन मोजा. जुन्या सीडीवर कोनमापकाची छापील चकती चिकटवा, क्रँकला बसवा, प्लगच्या जागी पिस्टन अडवणारा बोल्ट घालून दोन्ही दिशांनी टेकवा आणि दोन आकड्यांच्या मधोमध शून्य, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, धरा. चेनसॉमध्ये एक्झॉस्ट साधारण १०० ते १०५ अंशांवर उघडतो, ट्रान्स्फर १२० च्या आसपास. पॅकिंग काढल्यावर एक्झॉस्ट १०५ च्या पुढे सरकला असेल तरच त्याचं छत तेवढं अर्धा मिमी वर न्या, म्हणजे मूळ टायमिंग परत येतं. त्याहून वर नेलं तर आरपीएम वाढतो, पण ओंडक्यातला दम जातो. तुम्हाला दम हवा आहे हे लक्षात ठेवा.

रुंदी वाढवणं जास्त फायद्याचं. सरळ मोजून बोअरच्या ६२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५२ च्या बोअरला ३२ मिमी. त्याआधी तीन गोष्टी तपासा. रिंगची तोंडं जिथं पिनला अडकतात ती रेषा पोर्टवरून जाता कामा नये. स्कर्टनं नव्या रुंदीला दोन्ही बाजूंनी किमान दोन मिमी झाकलं पाहिजे. आणि छताची कमान गोलसर ठेवायची, सपाट केली तर रिंग अडकून तुटते.

सिलेंडरच्या आतला निकासिल किंवा क्रोमचा थर कठीण असतो आणि कडेला पटकन उडतो. बहुतेक धातू एक्झॉस्टच्या बाहेरच्या बाजूनं ग्राइंडरनं काढा आणि कडेचा शेवटचा अर्धा मिमी डायमंडच्या बारीक कानशीनं. घासण्याचा जोर कायम बोअरच्या आतून पोर्टकडे, उलटा कधीच नाही, म्हणजे थर दाबला जातो, उचकटला जात नाही. शेवटी प्रत्येक पोर्टच्या कडेला बारीक दगडानं तिरपी धार मोडून घ्या. ब्लॉक गरम पाण्यानं, साबणानं धुवा, वाळवा, लगेच ऑइल लावा.

इग्निशनचं टायमिंग पुढं घेण्यासाठी काही जण फ्लायव्हीलची चावी घासतात. मी हे करत नाही. चार-पाच अंशांनी पिकअप वाढते खरी, पण आपलं पेट्रोल आणि उन्हाळा बघता पिस्टनवर ताण येतो, आणि दोरी मनगटाला झटका देते. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.३ मिमी, प्लगची ०.५, एवढं नीट ठेवलं की पुरे.

घाट उतरण्यापूर्वी

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळपास पाच टक्के विरळ. इथं अचूक लावलेलं मशीन ताम्हिणी उतरून माणगावला नेलं की तिथं त्याला दाट हवा मिळते आणि ते कोरडं चालतं. कोकणातलं काम घेणाऱ्यांनी खाली पोचल्यावर एच स्क्रू थोडा उघडून कानानं पुन्हा लावावा. महाबळेश्वरला चढलात तर उलट, मशीन घुसमटेल, थोडं आवळा. डिसेंबरच्या पहाटे लावलेलं सेटिंग आणि मेच्या दुपारचं सेटिंगही एक नसतं. थंडीत हवा दाट असते, म्हणून उन्हाळ्यात लावलेलं मशीन थंडी पडली की आधी तपासायचं.

नव्या कामानंतर पहिल्या टाकीत मशीन अंगावर रेटू नका, आणि एच स्क्रू नेहमीपेक्षा किंचित उघडा ठेवा. टाकी संपली की थंड होऊ द्या, सायलेन्सरचे आणि ब्लॉकचे बोल्ट पुन्हा आवळा, सायलेन्सर काढून पिस्टनच्या भिंती बघा. त्या स्वच्छ, गुळगुळीत असतील तर स्क्रू जागेवर आणा, चाचणीचा तुकडा कापा आणि वेळ, कॉम्प्रेशन, स्क्विश आणि स्क्रूचे फेरे चेन कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.